परत आणा, ठोकून देतो

डेपोपासून निम्मी वाट संपली तरी थोरल्या जाऊबाईंनी तोंड उघडलं नव्हतं. हातगाडीचा दांडा त्यांच्या हातात होता आणि मी मागून ढकलत होते. गाडीवर लाकडी पेट्या होत्या. याच पेट्या आम्ही दोघींनी हौसेने बांधून समुद्रापार पाठवल्या होत्या, आणि आज त्या जशा गेल्या तशा परत आल्या होत्या. टेंपो मिळत होता. पण टेंपोवाला आमच्याच गल्लीतला, बातमी आमच्याआधी घरी पोचली असती. म्हणून ताई एवढंच म्हणाल्या होत्या, "चालत नेऊ." मी त्यांना ताई म्हणते. त्या मला धाकटे म्हणतात, अगदी आजही, माझे केस पिकले तरी.

चढाला गाडी जड झाली. त्यांनी चाकाखाली दगड सरकवला आणि बाहीने तोंड पुसलं.

"धाकटे, त्या बाईला आपण काय पाठवलं गं?"

"कात्र्या."

"कात्र्या नाही पाठवल्या. नुसती पाती पाठवली. कात्री इथंच राहिली."

मला काही कळलं नाही. दमलेलं माणूस काहीही बोलतं, असं समजून मी म्हटलं, "आधी पाणी प्या."

त्या पाणी प्यायल्या आणि पेटीला टेकून उभ्या राहिल्या.

आमची गल्ली कात्र्यांची. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे कारखाने एकाच मालाचे. खालच्या खोलीत भट्टी, ऐरण आणि घासायचं चाक, वरच्या खोलीत संसार. वरच्या खोलीतल्या कपांनासुद्धा लोखंडाचा वास. शिंप्याची कात्री म्हणजे दोन पाती आणि मधे एक स्क्रू, एवढंच दिसतं. पण पाती सरळ नसतात. दोन्हींना किंचित बाक असतो. मिटताना ती एका वेळी एकाच ठिकाणी एकमेकांना भेटतात आणि ती भेट मुळापासून टोकापर्यंत सरकत जाते. तो बाक बसवायचा लहान हातोडीने, ऐरणीवर, एकेका जोडीचा वेगळा. म्हणून एका जोडीचं पातं दुसऱ्या जोडीला चालत नाही. आमच्याकडे वरच्या पात्याला नवरा म्हणतात आणि खालच्याला बायको. का, असं मी नवी नवरी असताना विचारलं होतं, तेव्हा सासरे म्हणाले, "वरचा नुसता आवाज करतो. कापते खालची."

बाजारातल्या व्यापाऱ्याला आम्ही माल सुटाच द्यायचो. नवरे एका पेटीत, बायका दुसऱ्या पेटीत, स्क्रू पिशवीत. जागा कमी लागते. मग आमचं एक माणूस त्याच्या दुकानात जाऊन बसायचं, जोड्या लावायचं, ठोकून द्यायचं. पुढे एखादी कात्री अडली तर शिंपी थेट गल्लीत यायचा. त्याला स्टूल द्यायचं, चहा द्यायचा, चहा संपेपर्यंत दोन ठोके मारून कात्री हातात. गल्लीतल्या प्रत्येक मालकाच्या तोंडी माल देताना एकच वाक्य असायचं, "काही वाटलं तर परत आणा, ठोकून देतो." आम्हाला ते वाक्य म्हणजे आमचा चांगुलपणा वाटायचा. होताही.

तर परदेशातल्या त्या बाईंची मागणी आली तेव्हा आम्ही नेहमीसारखाच माल बांधला. नवरे वेगळे, बायका वेगळ्या. त्यांचं शिंपीकामाच्या सामानाचं दुकान होतं. इकडे आल्या असताना त्यांनी बाजारात आमची एक कात्री घेतली, ती आवडली, म्हणून दलालाकरवी शोधत आमच्या दारापर्यंत आल्या. सासरे नको म्हणत होते. ताईंनी हट्ट धरला, मी बघते म्हणाल्या, माझा शब्द म्हणाल्या. पेट्या बांधताना सगळे होतो. मी होते, आमचे हे भट्टीवर होते, थोरले भाऊजी चाकावर होते, सासरे ऐरणीवर. कुणाच्याही डोक्यात आलं नाही, की पेट्या चालल्या आहेत आणि ठोकणारा इथंच बसलाय.

हेच त्या चढावर ताईंना उमगलं होतं.

"माझे वडील," त्या म्हणाल्या, "खांद्यावर चाक घेऊन गावोगाव फिरायचे. धार लावून देणार. आज या गावात, तर पुन्हा त्या गावात कधी येतील याचा भरवसा नाही. मी लहान असताना बरोबर जायचे. एकदा एका म्हातारीची सुरी ते घासतायत घासतायत, सोडेचनात. मी कंटाळले. म्हटलं, बाबा, झालं की. तर म्हणाले, हिला आता वर्षभर मी दिसणार नाही. वर्षभराची धार हिला आजच द्यायला हवी."

"मग?"

"मग काय. त्यांना परत आणा म्हणता येत नव्हतं. कुठं परत आणणार? ते तर पुढच्या गावाला." त्यांनी दगड काढला. "आणि मी त्यांची मुलगी. ढकल."

आम्ही गल्लीत शिरलो. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, की समोरचे काका दारात नसावेत. समोरचे काका म्हणजे गल्लीतला सगळ्यात जुना कारखाना. त्यांचं पोलाद आमच्यापेक्षा चांगलं, हे आमचे सासरेही मानायचे. देवाने त्या दिवशी काही माझं ऐकलं नाही. काका दारातच होते.

"काय वहिनी, परदेशचे पाहुणे एवढ्यात परत? करमलं नाही का तिकडं?"

"हवा मानवली नाही, काका," ताई म्हणाल्या आणि गाडी आत घेतली.

त्या दिवसापासून गल्लीत त्यांचं नाव पडलं परदेशीण. बायका नळावर म्हणायच्या, परदेशीण आली, बाजूला व्हा. ताई म्हणायच्या, व्हाच, मला घाई आहे.

सासरे एक पेटी उघडून बघत बसले. दलालाने निरोप सांगितलाच होता. बाईंनी स्क्रू लावून बघितले, एकही जोडी कापेना, पाती एकमेकांना चावत होती. नीट कात्र्या पाठवा, नाहीतर राहू द्या, एवढं त्यांचं म्हणणं. भांडण नाही, काही नाही.

"ठोकून इथंच बाजारात देऊ," सासरे म्हणाले. "लोखंड वाया जात नाही."

"मामंजी, मी शब्द दिलाय."

"त्या बाईला आपला शब्द कळतो का?"

"कात्री कळते."

सासरे माणूस तापट नव्हते, पण हट्टी होते. आणि ताईंना कामावर बसवलं होतं त्यांनीच. ताई लग्न होऊन आल्या तेव्हा चार दिवसांत त्यांनी पातं उजेडात धरून बाक कुठे चुकलाय ते दाखवलं होतं, तेव्हा सासऱ्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, हिला चुलीपाशी ठेवणं म्हणजे नुकसान आहे. गल्लीत दुसऱ्या कुठल्या घरी सून ऐरणीजवळ बसत नव्हती. लोक बोलायचे, सासरे कान झाकायचे. आता मात्र ते म्हणाले, "ठीक आहे. आणखी एकदा पाठवा. पण पुन्हा परत आल्या तर या घरात परदेशाचं नाव नाही, आणि सूनबाई, तुम्हीही वरच्या खोलीत. मला गल्लीत हसू नकोय."

भाऊजी चाक बंद करून ताईंकडे बघत राहिले. ताई म्हणाल्या, "बरं." एवढंच. पण मी त्यांचा हात बघितला, तो ऐरणीच्या कडेवर घट्ट होता. वरच्या खोलीत त्या जगल्या असत्या, नाही असं नाही. पण त्या काही ताई राहिल्या नसत्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गोणपाटं अंथरून त्यावर पाती मांडली. एका बाजूला नवरे, एका बाजूला बायका. कोण कुणाचं, काही खूण नाही. सासरे एकेक उचलायचे, डोळ्यासमोर धरायचे, दुसरं लावून बघायचे. आमचे हे भट्टीवरून ओरडायचे, "वधूवर मेळावा कुठवर आला?" सासरे गंभीरपणे म्हणायचे, "मुलगा बरा आहे, पण उंचीला कमी पडतोय." काही पात्यांना जोडीदार मिळालाच नाही. ती ताईंनी वेगळ्या टोपलीत ठेवली. सासऱ्यांना ती ठोकून कशीतरी बसवायची होती, पण ताईंनी टोपली उचलून माडीवर नेली. "बिनलग्नाची राहू देत. जबरदस्ती नको." लागलेल्या प्रत्येक जोडीच्या आतल्या अंगाला, स्क्रूजवळ, त्यांनी दोन्ही पात्यांवर सारखी खूण ठोकली, म्हणजे पुन्हा चुकामूक व्हायला नको.

सगळ्या जोड्या लागल्या. सासऱ्यांनी ओल्या पातळ फडक्यावर एकेक चालवून बघितली. टोकापर्यंत लोण्यासारखी जात होती. ते खूश, आम्ही खूश. मग मी पेटीत घालायचं कापड कापायला त्यांतलीच एक उचलली, आणि कापड पात्यांच्या मधे दुमडून बसलं.

"ही चावतेय," मी म्हटलं.

सासरे हसले. "ती नाही चावत. तू डावरी आहेस."

आता हे सांगायला हवं. मी डावरी. शाळेत बाईंनी पट्टी मारून लिहायला उजवा हात लावला, पण बाकी सगळं डाव्याने. लग्न ठरताना आईने सांगून ठेवलं होतं, चार दिवस लपव. कात्री बनते उजव्या हातासाठी. उजव्या हाताचा अंगठा मिटताना पात्यांना नकळत एकमेकांवर दाबतो. डाव्या हातात तोच अंगठा पात्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. म्हणून मी आयुष्यभर कपडे वेडेवाकडे कापले, शिवणाच्या वर्गातून परत पाठवली गेले, आणि कात्र्यांच्या घरात येऊन पडले. देवाची थट्टा, दुसरं काय.

ताईंनी माझ्या हातातली कात्री घेतली, मग दुसरी दिली. "काप." चावली. तिसरी कापली. चौथी चावली.

"मामंजी," त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा हात कात्रीला सांभाळून घेतो."

"म्हणजे?"

"तुम्ही इतकी वर्षं चालवताय. जोडी जरा सैल असली तर तुमचा अंगठा आपोआप दाब देतो. तुम्हाला कळतही नाही. तुमच्या हातात कुठलीही कापेल. हिचा हात कुणाला सांभाळून घेत नाही."

सासरे उठले आणि बाहेर जाऊन बसले. चहा नेला तर घेतला नाही. मला वाटलं, आता संपलं. दुपार कलल्यावर ते आत आले, एक कात्री उचलली आणि ती डाव्या हातात धरली. त्यांच्या वयाला ते ध्यान बघण्यासारखं होतं, बोटं कड्यांत अडकलेली. फडकं चावलं. दुसरी घेतली, तीही चावली. मग ते एकदम हसायला लागले, इतके की भाऊजी चाक सोडून धावत आले.

"सूनबाई," ते मला म्हणाले, "बस इथं. आजपासून तू परदेशातली बाई."

मग सुरू झालं आमचं. सासरे ठोकायचे आणि मी डाव्या हाताने कापायचे. चावली की परत. ताईंनी एक नियम केला होता: माझ्याकडून पास झालेल्या कात्रीला पुन्हा हातोडी लागायची नाही. सासऱ्यांना राहवायचं नाही, पास झालेलीलाही त्यांना आणखी एक ठोका द्यायचा असायचा, प्रेमाने. शेवटी ताई हातोडी स्वतःच्या पाटाखाली घेऊन बसल्या. सासरे शोधायचे. "हातोडी कुठाय?" ताई म्हणायच्या, "ती पण परदेशी जाणार नाहीये, मामंजी. तिच्याशिवाय कापलं पाहिजे."

पेट्या दुसऱ्यांदा गेल्या, या खेपेला जोड्या लावून, एकेक कागदात गुंडाळून. जागा जास्त लागली. दलाल कुरकुरला. ताई म्हणाल्या, "कुरकुरा, पण उघडू नका."

मग वाट बघणं. त्या दिवसांत ताई ऐरणीपाशी जरा जास्तच वेळ बसायच्या, जणू शेवटचं बघून घेतायत. मी रोज सकाळी हात जोडताना दुसरं काही मागितलं नाही. समोरचे काका रोज विचारायचे, "पत्ता लागला का पाहुण्यांचा?" ताई म्हणायच्या, "रमलेत."

दलाल आला तो दिवसाढवळ्या, गल्लीच्या तोंडापासूनच हात हलवत. त्याला बसायला स्टूल दिलं तर उभाच राहिला. म्हणाला, बाईंनी दुकानातल्या पोरींकडून एकेक कात्री चालवून घेतली. सगळ्या ठेवून घेतल्या. आणि पुढची मागणी याच्या दुप्पट. आणि विचारलंय, की आधीच्या वेळी असं का नव्हतं?

"त्यांना सांगा," ताई म्हणाल्या, "आधीच्या वेळी आम्हाला वाटलं होतं, त्या शेजारी राहतात."

दलालाला ते कळलं नाही. सासऱ्यांना कळलं. त्यांनी आपली लहान हातोडी उचलली, जिच्या दांड्याला त्यांच्या मुठीचा आकार आला होता, ती फडक्याने पुसली आणि ताईंच्या पाटाखाली स्वतःच्या हाताने सरकवली. "तिथंच बरी," म्हणाले.

आमच्या घरात त्याहून मोठा मान कुणाला मिळालेला मला माहीत नाही. भाऊजींनाही नाही.

पुढे पुष्कळ लोकांनी विचारलं, एकाच गल्लीतले कारखाने, तेच लोखंड, तीच भट्टी, मग तुमचाच माल बाहेर कसा जातो? कुणी म्हणालं ओळख असेल, कुणी म्हणालं नशीब. नशीब मी मानते, देणारा देव आहे. पण मला विचाराल तर गल्लीतल्या बाकीच्यांचा माल वाईट नव्हता, आणि त्यांना अक्कल कमी होती असंही नाही. त्यांचं इथं भागत होतं. शिंपी येतो, स्टूलवर बसतो, मुलांची चौकशी करतो, दोन ठोके मारून घेतो. त्यात सुख आहे, आणि ते सोडून कशाला कुणी अनोळखी माणसाच्या हाताची काळजी करत बसेल? आमच्या ताईंना ती करता आली, कारण त्या फिरत्या चाकामागे वाढल्या होत्या. जे माणूस पुन्हा दिसणार नाही त्याच्यासाठी काम करायची त्यांना लहानपणापासून सवय होती. बाकीच्यांना ती लावून घ्यावी लागली असती.

काकांनी ती म्हातारपणी लावून घेतली, हेही लिहायला हवं. एक दिवस ते स्वतः आमच्याकडे आले, फडक्यात गुंडाळून आपल्या कात्र्या घेऊन. उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "परदेशीणबाई, आमचीही मुलं बाहेर पाठवायची आहेत. परीक्षा घ्या."

"बसा, काका. चहा घ्या. ठोकून मात्र देणार नाही."

काका मनापासून हसले. ताईंनी पहिली कात्री माझ्या हातात दिली. काय सुरेख पोलाद होतं, हातात घेतल्यावरच कळत होतं. मी ओलं फडकं धरलं आणि डाव्या हाताने चालवली. टोकापर्यंत गेली, सरळ रेघ. काकांची मान ताठ झाली. दुसरी गेली. तिसरीही. सासरे आता थकले होते, पण खाटेवरून म्हणाले, "पास."

ताई मात्र कात्रीकडे बघतच नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी तिसरी कात्री घेतली, उजेडाकडे धरून मिटली, आणि मलाही दाखवली. पात्यांच्या मधून टोकाजवळ बारीक उजेड येत होता. ही कात्री चावायला हवी होती.

"पुन्हा काप. सावकाश."

मी कापलं, आणि या वेळी मलाही दिसलं. माझा अंगठा आत ओढला जात होता, आपोआप, पात्यांना जवळ आणत. इतक्या वर्षांत माझा डावा हात शहाणा झाला होता. त्याने सांभाळून घ्यायला सुरुवात केली होती.

"काका, ही घेऊन जा, टोकाला बाक कमी आहे," ताई म्हणाल्या. "पहिल्या दोन नंतर बघते." काका गेले. ताईंनी कात्री माझ्यासमोर ठेवली आणि माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या तळव्याला लोखंडाचे घट्टे होते. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकलं नाही, शिकलीस. तेच तर वाईट झालं." त्या हसल्या, पण हात सोडला नाही. "धाकटे, तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही मी. आज मागते. जे शिकलीस ते विसर. माझ्यासाठी पुन्हा अनाडी हो."